नमद्याखालचा सांधा

ब्लॅकवॉलच्या सिंडर लेनमध्ये कुणाचंच काही झाकून राहत नसे. तिथल्या बायका भोचक होत्या हे खरंच, पण त्यासाठी त्यांना कष्ट असे पडतच नसत. गल्लीतले निम्मे पुरुष नदीकाठच्या कारखान्यांत आगबोटींचे बॉयलर बांधत, आणि बॉयलर बांधणारा माणूस चाळिशीच्या आतच ठार बहिरा होई. मग त्याच्या बायकोने उरलेला संसार ओरडून करायचा. केझाया टॅरंटने नवऱ्याला विचारलं, "मासळीला मीठ कमी पडलंय का?" की समोरच्या घरातून मिसेस बन्सचं उत्तर येई, "तुझं नेहमीच कमी पडतं!"

केझाया मूळची नदीपलीकडच्या डेटफर्डची. बाप दोर वळायचा, आई गलबतांची शिडं शिवायची. तळहाताला चामड्याची पट्टी बांधून जाड सुई किंतानातून आरपार कशी रेटायची, ते ती आईच्या गुडघ्याला टेकून शिकली. नदीत धूर सोडणारी पहिली लढाऊ आगबोट दिसली तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता. शिडं गेली म्हणजे आपली सुईही गेली, असं तिला वाटलं. पण तसं झालं नाही. आगबोटीलाही शिवण लागतेच. बॉयलरची उष्णता वाया जाऊ नये म्हणून त्याच्या अंगावर जनावरांच्या केसांचा जाड नमदा चढवतात, त्यावर किंतान ताणतात, दोन्ही मिळून घट्ट शिवून टाकतात आणि वरून रंग देतात. थ्रेल आणि गार्सन यांच्या कारखान्यात हे काम बायका करत, आणि केझाया त्यांची मुकादम होती. मुकादम म्हणजे मजुरी इतरांइतकीच, बोलणी मात्र जास्त.

जेबेझ टॅरंट तिला याच कारखान्याच्या फाटकाशी भेटला. तेव्हा त्याला सगळं ऐकू येत होतं. त्याच्याकडे एक सोनेरी पंखांची फिंच होती. रविवारी पिंजऱ्यावर रुमाल टाकून तो तिला गाण्याच्या पैजेला घेऊन जाई, आणि कुणाचा पक्षी कुठली तान अर्धवट टाकतो ते डोळे मिटून सांगे. लग्नानंतर तो बॉयलरच्या आतला माणूस झाला. बाहेरचे दोघे घण मारतात. आतल्याने लोखंडी पेटीत उकिडवं बसून लालभडक रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या जाड खिळ्याचं, डोकं जड हातोड्याने दाबून धरायचं असतं. घंटेच्या पोटात बसून घंटा वाजवून घेण्यासारखंच ते काम. आधी त्याला चहाच्या किटलीचं ऐकू येईनासं झालं, मग चर्चच्या घंटेचं, मग केझायाचं. फिंचला तो पुढेही कितीतरी दिवस दाणे घालत राहिला. पिंजऱ्याशी बसून तो तिचा गळा हलताना बघे. एक दिवस त्याने ती शेजारच्या गल्लीतल्या एका विणकराला देऊन टाकली, आणि पिंजरा केझायाने बटाटे ठेवायला घेतला.

या सगळ्याचा केझायाला राग होता, आणि तो दर शनिवारी नव्याने पेटत असे. शनिवारी नाक्यावरच्या दारूच्या दुकानात मालक मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवी, आणि बायका दारात उभ्या राहून ऐकत. लढाऊ आगबोटींचा खर्च हा तेव्हा पार्लमेंटात रोजचा विषय होता. गलबताच्या लाकडाला लागतो जवळजवळ तेवढाच पैसा नुसत्या यंत्राला लागतो, म्हणून मोठमोठे लोक हळहळत होते. यंत्राचा भाव ठरे तो अश्वशक्तीवर: एका घोड्याच्या ताकदीला अमुक इतके पौंड.

"घोड्याला इतके," केझाया म्हणायची. "आणि आत बसलेल्या माणसाच्या कानांना किती लावलेत ते वाचा की."

"ते छापलेलं नाही, मिसेस टॅरंट," दुकानदार म्हणायचा.

"नसणारच."

त्या वर्षी 'क्लॅरिंडा' नावाच्या लढाऊ आगबोटीच्या यंत्राचं काम थ्रेल आणि गार्सन यांना मिळालं. दोन्ही अंगांना पाणी मागे लोटणारी चाकं असलेली ती मोठी बोट होती. काम मिळालं ते इतरांपेक्षा पुष्कळ कमी भाव लावल्यामुळे. हा कमी केलेला भाव कुठून भरून काढणार, ते कारखान्यात शेंबड्या पोरालाही कळत होतं. कप्तानाच्या केबिनखालचे पितळी कठडे तर पातळ होणार नव्हते. इंजिनाच्या लोखंडी खांबांवर पानाफुलांची नक्षी ठरली होती. तीही कमी झाली नाही. कमी झाली ती बॉयलरच्या तळाच्या पत्र्याची जाडी, आणि त्यात ठोकायचे रिव्हेट. टोपीला रेशमी फीत लावायची आणि पोरांच्या लापशीत पाणी घालायचं, अशा एका बाईला केझाया ओळखत होती. पण त्या बाईला निदान कुणी सरकारी काम देत नव्हतं.

तरीही केझाया गप्प बसली असती. कारखान्यात असल्या गोष्टी रोज होत, आणि रोज भांडायला तिच्यापाशी वेळ नव्हता. पण वसंतात तिची लेक डॉर्कस रडत घरी आली. डॉर्कसचा नवरा एमोस पेल नौदलात भट्टीत कोळसा घालायच्या कामावर होता. त्याची बदली 'क्लॅरिंडा'वर झाली होती, आणि डॉर्कसला पाचवा महिना लागला होता.

"रडतेस कशाला?" केझाया म्हणाली. "नवी बोट आहे. तुझ्या बापाने बांधलेल्या बॉयलरपुढेच उभा राहणार आहे तो."

हे तिने खऱ्या मनाने सांगितलं होतं. म्हणूनच पुढच्या मंगळवारी जे झालं ते तिला फार लागलं.

त्या दिवशी बॉयलरमध्ये गार पाणी भरून पंपाने दाब दिला होता. केझाया नमद्याचं माप घ्यायला मागच्या बाजूला वाकली. भिंतीत आणि बॉयलरमध्ये माणूस जेमतेम आडवा शिरेल एवढीच जागा होती. खालच्या सांध्यावरून तिने हात फिरवला आणि हात ओला झाला. तिने पुसून पुन्हा फिरवला. पुन्हा ओला. सांध्याच्या कडेने तपकिरी ओघळ उतरला होता, आणि वर कसलासा लगदा थापलेला होता.

तिने फोरमनला बोलावलं. स्केग्ज हा लांब मानेचा, स्वच्छ कॉलरचा माणूस होता. तो कधी वाकत नसे.

"मिस्टर स्केग्ज, हा पाझरतोय."

"नवा बॉयलर थोडा रडतोच, मिसेस टॅरंट. नवी पोरं रडत नाहीत?"

"पोर रडलं तर त्याला अंगरखा घालून कपाटात बंद नाही करत कुणी."

"नवसागर आणि लोखंडाचा कीस भरलाय त्यात. गंज धरला की सांधा आपोआप बसेल. हे काय मी तुम्हाला सांगायचं?"

हा त्या लोकांचा पिढीजात समज होता, आणि तसा तो खोटाही नव्हता. इतर कामात गंज हा शत्रू. बॉयलरवाल्यांच्या घरी तो पाहुणा. उघड्या सांध्याला थोडा पाझर असला, की नवसागराने तिथे गंज फुगतो आणि फट बुजून जाते. कीस लवकर गंजावा म्हणून कारखान्यातले लोक त्यात आणखी काय मिसळत ते बायकांसमोर बोलत नसत, पण वास सगळ्यांनाच येई. केझायानेही असे कितीतरी सांधे बसलेले पाहिले होते. पण ते उघडे होते. नमद्याखालचे सांधे तिने वेगळे पाहिले होते. दुरुस्तीला आलेल्या जुन्या बोटींचे नमदे तीच तर उसवायची. सांधा नमद्याखाली पाझरत राहिला की नमदा ते पाणी धरून ठेवतो, स्पंजासारखं. आणि मग पत्र्याचे बिस्किटासारखे पापुद्रे निघतात. सुईच्या टोकाने उचलता येतील असे.

"आधी सांधा बसू द्या," ती म्हणाली. "मग शिवते."

"शुक्रवारी नौदलाचा तपासनीस येतोय. त्याने सही केली की पैशाचा पुढचा हप्ता सुटतो. तो येईल तेव्हा बॉयलर रंगवलेला हवा." स्केग्जने कॉलर सारखी केली. "आणि तक्रार कुणाची करताय तेही बघा. हा सांधा टॅरंटनेच धरलाय. तुमच्याच टॅरंटने."

केझायाने हाताची पट्टी सोडली आणि ती घरी आली.

संध्याकाळी वाटाण्याचं सूप होतं. जेबेझने दोन चमचे घेतले आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. वीस वर्षं तिच्या ओठांकडे बघून बघून त्याला तिचा राग शब्दांच्या आधीच कळायचा.

"काय झालं?"

"तुझा सांधा गळतोय."

"काय?"

"सांधा! मागचा, खालचा! तुझा!" केझायाने टेबलावर बोटाने पाझर काढून दाखवला. "ग-ळ-तो-य!"

जेबेझचा स्वतःचा आवाजही काही लहान नव्हता. तो सपाट आणि मोठा होता, कारण तो कुठे पोचतो ते त्याला कळत नसे. "बसेल तो! नवसागर भरलाय!"

"नमद्याखाली नाही बसायचा!"

"माझ्या बापाचे सगळे बसले!"

"तुझ्या बापाचे उघडे होते, म्हाताऱ्या! त्यांच्यावर कुणी रजई नाही शिवली!"

"तू तुझी सुई सांभाळ!"

"एमोस उभा राहणार आहे त्याच्यापुढे! एमोस! आपला एमोस!"

हे नाव त्याने तिच्या ओठांवर वाचलं. त्याचा चमचा सुपातच थांबला. मग "बसेल," असं एकदा म्हणून त्याने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. बहिऱ्या माणसाला भांडण संपवायची ही एक सोय असते. पाठीला कान नसतात, आणि आता त्याचे डोळेही तिच्याकडे नव्हते. केझाया त्या पाठीला आणखी बरंच काही बोलली. ते त्याला सोडून सगळ्यांना ऐकू गेलं.

"केझाया," समोरून मिसेस बन्सने विचारलं, "कुठला गं सांधा?"

सकाळी स्केग्जने तिला फाटकातच अडवलं. "कारखान्याची अब्रू तुम्ही गल्लीत उधळलीत, मिसेस टॅरंट."

"मी माझ्या टेबलावर माझ्या नवऱ्याशी बोलले."

"नदीपलीकडे ग्रीनिचपर्यंत ऐकू गेलं ते!"

"मग त्याचे कान परत द्या," केझाया म्हणाली. "तुमच्याच कारखान्यात राहिलेत. मिळाले की मीही कुजबुजेन, मोठ्या घरच्या बायकांसारखी."

"शिवणार आहात की नाही?"

"सांधा कोरडा झाला की."

स्केग्जने तिला घरी पाठवलं, आणि इतर चौघींकडून नमदा चढवून घेतला. मिसेस बन्स त्यांत होती. दुपारी ती केझायाच्या दारात आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही.

"माझी पोरं आहेत गं," ती म्हणाली.

"माझाही जावई आहे. सहा महिन्यांनी त्या बॉयलरपुढे उभा राहील."

"मी काय करणार होते? त्याने माझं नाव घेऊन हाक मारली. सगळ्यांच्या देखत."

"टाके कसे घातलेस?"

"नेहमीसारखे."

"म्हणजे लांब लांब," केझाया म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं. बन्सबाई वाईट नव्हती, हे तिला कळत होतं. पण ते कळल्याने राग कमी होत नव्हता, उलट वाढतच होता. स्केग्जच्या हातात सुई नव्हती, गार्सनसाहेबाच्या हातात घण नव्हता. जे काही वाईट करायचं ते शेवटी चार पोरांच्या आईकडून आणि एका बहिऱ्या माणसाकडूनच करून घ्यायचं, आणि मग वर म्हणायचं, हा सांधा तुमचाच आहे.

जेबेझ दोन दिवस भिंतीकडे तोंड करूनच जेवला. पण कारखान्यात त्याला कुणाची नजर चुकवता येत नव्हती. बॉयलरवाले आपसांत हातांनी बोलत. घणांच्या आवाजात दुसरा इलाजच नव्हता. आता जेबेझ कुठूनही गेला, की कुणीतरी एक बोट डोळ्यापासून गालावरून खाली ओढी. टॅरंटचा बॉयलर रडतोय. ठोकणाऱ्यांपासून भट्टीवाल्यापर्यंत सगळ्यांनी ते केलं. वीस वर्षांत त्याच्या सांध्याला कुणी बोट लावलं नव्हतं, आणि आता प्रत्येक जण ते बोट गालावरून फिरवत होता.

शुक्रवारी दुपारी मिसेस बन्स धावत आली. या वेळी ती थेट आत आली आणि खुर्चीत कोसळली.

"तुझ्या नवऱ्याने बॉयलर फोडला!"

"काय?"

"तपासनीस आला होता. पंप चालू होता, दाब धरून होता. साहेब लोक नक्षी बघत होते. हा मागून शिरला, हातात चाकू. आम्ही शिवलेलं सगळं उसवलं त्याने, टराटरा. बोट घातलं आत, बाहेर काढलं, चाटलं. मग पुन्हा घातलं."

"मग?"

"तो लगदा सगळा वाहून आला गं त्याच्या हातावर. चिखल नुसता. बराच वेळ तो हाताकडे बघत राहिला. मग छिन्नी घेतली आणि रिव्हेटची डोकी उडवायला लागला. एकामागून एक! स्केग्ज ओरडला, 'थांब!' असा ओरडला की पलीकडच्या गोदीतलं काम थांबलं असेल. तुझा नवरा नाही थांबला."

"ऐकू आलं नसेल."

"अगं, पुढ्यात जाऊन ओरडला तो! तोंडासमोर तोंड धरून!"

"मग काय केलं यानं?"

मिसेस बन्सने पदरासारखा शालीचा शेव तोंडावर दाबला. ती हसत होती की रडत होती ते कळेना. "डोळे मिटून घेतले," ती म्हणाली. "डोळे मिटले, आणि चाचपून चाचपून पुढचा रिव्हेट उडवला. मग पाणीच आलं एकदम. तपासनिसाच्या बुटांत शिरलं."

जेबेझ गुडघ्यांपर्यंत भिजून घरी आला. स्केग्जने छिन्नी कारखान्याची म्हणून काढून घेतली होती. खरं म्हणजे ती जेबेझच्या बापाची होती. केझायाने त्याला पाव आणि चीज दिलं आणि बूट शेगडीपाशी ठेवले.

"बसला नसता," तो म्हणाला.

ती त्याच्यासमोर उभी राहिली, त्याला तोंड दिसेल अशी.

"भोकं जुळत नव्हती," तो पावाकडे बघत म्हणाला. "पत्रा पातळ, ओढून ओढून जुळवली. स्केग्ज म्हणाला, रिव्हेट लांब लांब ठोका. मला तेव्हाच..." पुढचं वाक्य त्याने पावाबरोबर गिळलं. आपली चूक झाली, असं काही तो म्हणाला नाही. केझायाने तेही मोजून ठेवलं, पण त्या दिवशी बोलली नाही.

त्याला कामावरून काढून टाकलं. कामाचा दाखलाही दिला नाही. नदीकाठचे दुसरे कारखाने होते, पण फोरमन लोक रविवारी एकाच चर्चमध्ये बसत. सगळीकडे एकच उत्तर मिळे: हात चांगला आहे, पण हुकूम ऐकत नाही.

"ऐकत नाही!" केझायाच्या अंगाचा तिळपापड झाला. "ऐकत नाही म्हणे! कोणी ऐकू दिलंय त्याला?"

महिन्याभराने एका शनिवारी दुकानदाराने वर्तमानपत्र वाचलं आणि अर्ध्यातच थांबून त्याने दाराकडे पाहिलं.

"वाच," केझाया म्हणाली.

'क्लॅरिंडा'च्या बॉयलरचा एक सांधा, बनवणाऱ्यांनी स्वतःच्या दक्षतेमुळे वेळीच हेरून, जाड पट्टी आणि रिव्हेटांची दुहेरी ओळ घालून नव्याने बांधून घेतला आहे, असं त्यात होतं. या मजबुतीचा जादा खर्च नौदलाने आनंदाने मान्य केला आहे. अशा कारखानदारांवर देशाने विसंबून राहावं.

दुकानात कुणी हसलं नाही.

"म्हणजे," केझाया सावकाश म्हणाली, "जे आधीच करायचं होतं ते न करण्याचे पैसे त्यांना मिळाले. आणि आता ते करण्याचेही मिळाले. आणि ज्याने करायला लावलं तो घरी बटाटे सोलतोय."

"थोडक्यात तसंच, मिसेस टॅरंट," दुकानदार म्हणाला आणि त्याने घडी घालून वर्तमानपत्र ठेवून दिलं.

पुढच्याच आठवड्यात स्केग्जने निरोप पाठवला. नव्या जाड पट्टीमुळे बॉयलरची मागची बाजू उंचसखल झाली होती आणि बायकांना तिथला नमदा कापता येत नव्हता. केझाया गेली. जायचं नाही असं तिने आदल्या दिवशीच ठरवलं होतं, पण घरात पीठ नव्हतं, आणि तो सांधा हाताने पाहिल्याशिवाय तिला राहवतही नव्हतं.

"नमदा धरायला माणूस लागेल," ती स्केग्जला म्हणाली. "जाड आहे. बायकांच्या हाताला आवरणार नाही."

"कोण माणूस?"

"मिस्टर टॅरंट."

स्केग्जची मान आणखी लांब झाली. "बायकांची मजुरी मिळेल."

"सध्या या घरात दुसरी येतेच कुठे?"

स्वतःच्याच कारखान्यात, स्वतःच्याच बॉयलरपाशी, बायकोचा मदतनीस म्हणून उभं राहायचं: जेबेझ येईल असं तिला वाटलं नव्हतं. तो आला. कुणी गालावरून बोट फिरवलं नाही. त्याने बाह्या सारल्या, मागच्या अरुंद जागेत आडवा शिरला आणि नव्या सांध्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळवा फिरवत गेला. मग केझायाने फिरवला. पंप चालू होता. सांधा खडखडीत कोरडा होता.

"कोणी धरलाय हा?" तिने विचारलं.

"बन्सबाईच्या नवऱ्याने," जेबेझ म्हणाला. "बरा धरलाय."

ते दोघं शिवायला लागले. तिसऱ्या प्रहरी गार्सनसाहेब पाहुण्यांना घेऊन आला. पाहुण्यांत दोन बायका होत्या. एकीने गंजाला भिऊन झगा चिमटीत धरला होता. साहेब बॉयलरवर छडी टेकवून बोलू लागला. खोट आम्हीच वेळीच हेरली, खर्च कितीही होवो, मनुष्याचा जीव ही पहिली गोष्ट, असं काहीसं. जेबेझने नमद्याआडून त्याच्या दाढीकडे पाहिलं. दाढीमुळे त्याला ओठ वाचता येईनात.

"काय म्हणतोय?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात, म्हणजे सगळ्या कारखान्याला.

केझायाच्या दातांत दोरा होता. तिने तो काढला. स्केग्जने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली: नको. पण नवऱ्याने विचारलं होतं, आणि नवऱ्याला सांगायची तिला एकच रीत ठाऊक होती.

"म्हणतोय, खोट त्यांनी शोधली!" ती ओरडली. "त्यांनी स्वतः! माणसाच्या जिवासाठी!"

"त्यांनी?"

"त्यांनी!"

जेबेझने नमद्यावरचा हात काढला. "मग माझ्या बापाची छिन्नी यांच्याच खिशात असेल," तो म्हणाला. "मागून घे."

घण मारणारे दोघे घण टेकवून उभे राहिले. ज्यांना ऐकू येत होतं त्यांनी ज्यांना येत नव्हतं त्यांना हातांनी सांगितलं, आणि शेवटच्या भट्टीपर्यंत ते पोचायला काहीच वेळ लागला नाही. झगा धरलेल्या बाईने विचारलं, "हा माणूस कोण?" साहेब म्हणाला, "मदतनीस," आणि पाहुण्यांना नक्षी दाखवायला पुढे घेऊन गेला.

नमदा पुरा होईपर्यंत दोघांना ठेवलं. नंतर दोघांनाही पुन्हा बोलावलं नाही. छिन्नी काही मिळाली नाही. केझाया लाइमहाउसच्या एका शिडवाल्याकडे किंतान शिवायला जाऊ लागली. मजुरी कमी आणि चालणं जास्त. जेबेझ कोळशाच्या धक्क्यावर पोती उचलायला लागला. तिथे हुकूम नसतात, फक्त पोती असतात.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एमोस सुट्टीवर आला. डॉर्कसचं पोर रांगत होतं. केझायाने चरबीचं पुडिंग केलं होतं, आणि ते वाफाळत असतानाच एमोसने सुरुवात केली. खारवलेलं गोमांस म्हणजे बुटाचा तळवा. कप्तान म्हणजे नक्षी पुसून घेणारी मोलकरीण, दुसरं काही नाही. लाट आली की एक चाक हवेत फिरतं आणि बोट दारुड्यासारखी चालते. खाली कोळशाच्या धुळीने थुंकी आठवडाभर काळी येते. बोलता बोलता तो सगळ्या बोटीवर फिरून आला. जेबेझ जेवत नव्हता. तो जावयाच्या ओठांवर नजर लावून बसला होता, फिंचच्या गळ्याकडे बघत बसे तसा.

एमोसचं बोलणं संपलं आणि त्याने ताट पुढे सारलं.

"आणि बॉयलर?" केझाया म्हणाली.

"बॉयलर?" एमोसने तिच्याकडे पाहिलं. "त्याचं काय?"

केझायाच्या तोंडाशी सगळंच आलं. पातळ पत्रा, लगदा, कामाचा दाखला, नौदलाने आनंदाने दिलेले पैसे, बायकांची मजुरी. पोर डॉर्कसच्या मांडीवर चमचा आपटत होतं. जेबेझने विचारलं, "काय म्हणतो?"

"म्हणतो, बॉयलरचं काय!"

जेबेझ खुर्चीत मागे टेकला. मग त्याने पुडिंगचा मोठा तुकडा कापून जावयाच्या ताटात टाकला आणि स्वतः जेवायला लागला. केझाया तशीच उभी होती, हातात पातेलं घेऊन, रागाने लाल झालेली. एमोसला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

"पुडिंग फार चांगलं झालंय, आई," तो घाईघाईने म्हणाला.

"खा," केझाया म्हणाली. "तुझ्यावर नाही चिडलेली मी."